रिकामा वार

“उद्या पहाटे ताक बात बघायला जायचंय,” असं मी म्हणाले, तेव्हा ह्यांनी दुलईतून तोंड न काढताच विचारलं, “एवढ्या थंडीत ताकभात? निदान कढी तरी करायला सांग.”

लाओसमध्ये भिक्खूंना भिक्षा घालण्याला ताक बात म्हणतात. बात म्हणजे भिक्षापात्र. आपलं संस्कृत पात्र मेकाँगच्या काठी पोचेपर्यंत झिजून बात उरलं. पुण्याचंही तसंच झालंय, तिथे त्याला बुन म्हणतात. हे सगळं मी पुस्तकात वाचून ह्यांना ऐकवलं. ह्यांनी “बरं” म्हणून कूस बदलली. ताकभाताचा विनोद मात्र प्रवासभर पुरला असता. पुरला नाही, तो दुसऱ्याच दिवशी पहाटे संपला.

मुलगा बँकॉकला नोकरीला. त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. एका ठिकाणी दहा दिवस बसलो की आम्ही त्याच्या फ्रीजमधलं सामान लावायला घेतो, हे त्याला ठाऊक. म्हणून त्यानंच तीन रात्रींची तिकिटं काढून आम्हाला लुआंग प्रबांगला धाडलं. “आई, शांत गाव आहे, नदी आहे, देवळं आहेत. तुम्हाला नाशिकसारखं वाटेल,” म्हणाला. आजचं नाशिक त्यानं कितपत शांत पाहिलंय, हा प्रश्न मी गिळला.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी पोचलो. गाव म्हणजे जिभेसारखी एक जमिनीची पट्टी. एका अंगाला मेकाँग, दुसऱ्या अंगाला नाम खान, आणि जिभेच्या टोकाशी दोघींचा संगम. मधे फूसी नावाची टेकडी, वर सोनेरी स्तूप. नारळ-चाफ्यांच्या मधून उतरत्या छपरांची देवळं आणि फ्रेंच अमलातली लाकडी झडपांची बैठी घरं, दोन्ही एकाच गल्लीत शेजारी नांदतात. १९९५ साली युनेस्कोनं गावाला जागतिक वारसा ठरवलं, त्यामुळे कुणाला मनात आलं म्हणून चार मजले चढवता येत नाहीत. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. कुठेही गेले तरी आधी नदी बघतात, मग गाव. बॅगा ठेवल्या आणि घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेले.

लाओ लोक नदीला मे नाम म्हणतात. मे म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी. मेकाँग हे मे नाम खोंगचं आखूड झालेलं नाव. चार हजारांहून जास्त किलोमीटर वाहणारी, सहा देशांतून जाणारी ही बाई, आणि मूळ नाव काय तर आईपाणी. आम्ही नाशिककर गोदावरीला गोदामाई म्हणतो, आणि घाटावर निघालो की ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणतो. मला एकदम ओळखीचं वाटलं. नदीला आई म्हणून तिच्यात वाट्टेल ते सोडायची सवय मात्र तिथे दिसली नाही.

आमची राहायची जागा नाम खानच्या बाजूला, एका घरातच होती. वर चार खोल्या पाहुण्यांना, खाली घरमालकीण, तिची लेक आणि कॉलेजात जाणारी नात. मालकीण माझ्याच वयाची, पण गल्लीतले सगळे तिला मे म्हणत. माझ्या तोंडी त्याचं माय झालं आणि तिनं ते चालवून घेतलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, नातीला बऱ्यापैकी येत होतं. आमच्यासाठी भाज्या शिजवताना माशाचा खारा रस घालायचा नाही, हे नातीमार्फत तीनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा मायनं माझ्या हातावर हात ठेवला. त्याचा अर्थ ‘कळलं गं बाई’ एवढाच असणार.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. हे सांगायचं कारण असं, की आमच्या घरी बुधवारी स्वयंपाक होत नाही, खिचडी होते. सोमवार, गुरुवार, शनिवार करणारी माणसं सगळीकडे असतात. बुधवारचा उपास करणारं सगळ्या नाशकात आमचंच घर असावं. तो मामंजींचा उपास. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना विचारलं, कुठल्या देवाचा? त्या म्हणाल्या, “त्यांनाच विचार.” मामंजींना विचारलं तर हसून म्हणाले, “एक वार रिकामा असावा माणसाचा.” मला तो संयमाचा उपदेश वाटला. पुढे अठरा वर्षं दर बुधवारी त्यांच्यासाठी साबुदाणा भिजवला. ते गेल्यालाही आता वीस वर्षं होतील, पण बुधवारची खिचडी चुकली नाही. घराला वळण पडलं की ते मोडायला कारण लागतं. त्या पहाटेही मी पर्समध्ये राजगिऱ्याच्या वड्या घेतल्या आणि साडेपाचला आम्ही मोठ्या रस्त्यावर गेलो.

धुकं होतं. कुठल्या तरी देवळात ढोल वाजला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या लाल बुटक्या स्टुलांची रांग मांडलेली. पुढ्यात भाताची टोपली, बिस्किटांची पाकिटं. स्टुलावर बसायचे पैसे, टोपलीचे पैसे, खांद्यावर टाकायच्या पट्ट्याचे पैसे. बसभर प्रवासी आले, बसले, फोन सरसावले. काय करू नये याचा फलक तिथेच होता: अंतर ठेवा, फ्लॅश मारू नका, भिक्खूंपेक्षा उंच बसू नका, खांदे झाका. फलकाला टेकूनच एक जण कॅमेऱ्याची तिपाई लावत होता.

मग ते आले. अनवाणी, एका ओळीत, पुढे वडीलधारे, मागे वयानं उतरत जात शेवटी दहा-अकरा वर्षांची श्रामणेर मुलं. भगवी चीवरं, खांद्याला अडकवलेलं पात्र, नजर खाली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तो रंग धुक्यातून उगवताना पाहून माझा श्वास थांबला, हे कबूल करते. पण पुढच्या मिनिटाला ओळीच्या दोन्ही अंगांना माणसं मागे मागे चालू लागली, आणि एकानं शेवटच्या मुलाच्या थेट पात्रावर कॅमेरा धरला. आत काय पडतंय ते त्याला हवं होतं. मुलगा थबकला. नजर वर न करता त्यानं पात्राचं झाकण अर्धवट ओढलं, आणि पुढच्या बाईचा भात न घेताच पुढे गेला.

“चल,” हे म्हणाले. मी वळून पाहीपर्यंत हे वीस पावलं पुढे गेले होते. त्या दिवशी ह्यांनी राजगिऱ्याची वडीही खाल्ली नाही.

दिवसभर आम्ही पाहायचं ते पाहिलं. संगमाच्या टोकाशी वाट शिएंग थोंग आहे, राजा सेत्थाथिरातनं १५६० च्या सुमारास बांधलेलं देऊळ. त्याची छपरं तीन टप्प्यांत खाली उतरतात आणि इतकी खाली येतात, की इमारत वाकून नमस्कार करतेय असं वाटावं. मागच्या भिंतीवर लाल जमिनीत रंगीत काचांचं एक मोठं झाड. ज्या राजानं हे देऊळ उभं केलं त्यानंच त्या सुमारास राजधानी व्हिएन्तियानला नेली, म्हणजे १३५३ मध्ये फा न्गुमनं स्थापलेल्या लान सांगच्या राज्याचं हे गाव तेव्हापासून मानाचं, पण सत्तेचं नाही. त्यामुळेच ते वाचलं असेल. आपलं पैठणच बघा, राजधानी दुसरीकडे गेली की गावाला जरा श्वास घेता येतो.

त्याच आवारात राजाच्या अंत्ययात्रेचा रथ ठेवलेली एक इमारत आहे. तिच्या दर्शनी लाकडी फळ्यांवर सोन्याचा मुलामा दिलेलं कोरीवकाम, आणि त्यात चक्क आपलं रामायण. लाओ रामायणाचं नाव फ्रा लाक फ्रा लाम. लाक म्हणजे लक्ष्मण, लाम म्हणजे राम. धाकट्याचं नाव आधी! त्या कथेतले प्रसंग मेकाँगच्या काठावर घडतात. आम्ही पंचवटीची माणसं. राम आमच्या गल्लीत राहत होता, सीता आमच्या गुंफेत बसली होती आणि शूर्पणखेचं नाक कापलं गेलं म्हणून आमच्या गावाला नाशिक म्हणतात, हे बाळकडू प्यायलेली. दीड-दोन हजार मैलांवर लोक तितक्याच खात्रीनं रामाला आपल्या नदीकाठी फिरवतात, हे पाहून थोडं हसू आलं आणि थोडं बरं वाटलं. ह्यांना म्हटलं, “बघा, इथे धाकट्या भावाला मान आहे.” हे तीन भावांत धाकटे. एरवी यावर तासभर बोलले असते. नुसती मान हलवली.

राजवाड्याच्या आवारात फ्रा बांगची मूर्ती आहे. गावाचं नावच तिच्यावरून पडलं. दोन्ही तळवे समोर धरून अभय देणारा उभा बुद्ध, उंची फक्त त्र्याऐंशी सेंटीमीटर. राजवाडा फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधून दिला आणि १९७५ मध्ये राजेपद गेल्यावर त्याचं संग्रहालय झालं. शेवटच्या राजाला, सवांग वत्थनाला, १९७७ मध्ये उत्तरेच्या डोंगराळ मुलखात कैदेत नेलं, तो परत आला नाही. राजा गेला, ताक बात राहिलं. तेही सहज नाही. क्रांतीनंतर १९७६ मध्ये नव्या सरकारनं भिक्खूंना भात घालायला बंदी केली होती, त्यांनी स्वतः पिकवून खावं म्हणून. लोक इतके नाराज झाले, की वर्षाच्या आत बंदी मागे घ्यावी लागली. भात घालण्याचा हक्क गेला म्हणून चिडलेली माणसं! हे वाचलं तेव्हा मला नीट उमगलं नव्हतं. घेणाऱ्यानं चिडावं, देणाऱ्याचं काय गेलं?

गुरुवारी सकाळी हे पाण्याकाठी रमले. थंडीत नाम खानचं पाणी उतरतं, नितळ होतं आणि दगडांवर हिरवं शेवाळ धरतं. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ते ओढून काढत होत्या. धुऊन, बडवून, बांबूच्या तट्ट्यावर कागदासारखं पातळ पसरायचं, वरून तीळ, लसणाच्या चकत्या, टोमॅटोच्या फोडी, आणि उन्हात वाळवायचं. याला काइपेन म्हणतात. गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बाईला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. तट्ट्याची कड कुठे आधी सुटेल ते मी बोट लावून बघितलं, तर ती बाई खूश झाली आणि बोट तिथेच दाबून दाखवलं, अजून नाही, दुपारी. तळलेलं काइपेन पापडासारखंच कुरकुरतं. त्याच्याबरोबरची लाल मिरचीची चटणी मी बोटावर घेतलीच होती, तेवढ्यात मायच्या नातीनं माझा हात धरला. तिच्यात म्हशीचं कातडं असतं.

ह्यांचं बोलणं परत सुरू झालं ते गाळापासून. मेकाँगवर खालच्या अंगाला शायाबुरीचं धरण २०१९ पासून वीज देतंय. वरच्या अंगाला, गावापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, १,४६० मेगावॉटचं आणखी एक बांधताहेत. पाणी अडलं की गाळ खाली बसतो, पाणी नितळ आणि निळं होतं, बघणाऱ्याला वाटतं नदी स्वच्छ झाली. “निळी मेकाँग म्हणजे उपाशी मेकाँग,” हे म्हणाले. “गाळ हे नदीचं जेवण. आयुष्यभर आम्ही नद्यांची ताटं ओढली.” हे असं बोलणारे नव्हेत. मला वाटलं, धरणाचं काही तरी टोचतंय. टोचत होतं ते ताट.

नाम खानवर दरवर्षी पावसाळा ओसरला की बांबूचा साकव घालतात आणि पुढचा पूर यायच्या आत काढून घेतात. पलीकडे जायचे काही हजार किप. आकडा ऐकून छाती दडपते आणि रुपयांत मोजला की हसू येतं. त्या संध्याकाळी आम्ही साकवाच्या मध्यावर उभे होतो. बांबू पायाखाली जरा दबायचा, करकरायचा. ह्यांनी कठड्याला हात लावला आणि पाण्याकडे बघत म्हणाले, “बाबांचा बुधवार तुला माहिती नाही.”

मामंजी सिन्नरकडच्या एका खेड्यातले. वडील लहानपणीच गेलेले. १९३७-३८ च्या सुमाराला बारा-तेरा वर्षांचे असताना नाशिकला इंग्रजी शिकायला आले. राहायला पंचवटीतल्या एका वाड्याची ओसरी, रात्री माधुकरी, दुपारी वार. आजच्या मुलांना सांगावं लागेल म्हणून सांगते: आठवड्याचे सात वार सात घरी जेवायचं, याला वार लावून जेवणं म्हणत. एवढं मला ठाऊक होतं. आमच्या पिढीतल्या निम्म्या घरांच्या कपाटात अशी एक झोळी दडवलेली असते. ठाऊक नव्हतं ते पुढचं.

मामंजींचा बुधवार एका वकिलांच्या घरी होता. पहिल्याच बुधवारी गेले. पडवीत पान मांडलेलं. आत माजघरात पाटावर घरचा मुलगा जेवत होता, तो मामंजींच्याच वर्गातला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खाली मान घालून जेवले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मुलानं सगळ्यांदेखत विचारलं, “काय रे, काल आमच्याकडची आमटी आवडली का?” वाईट हेतूनंच विचारलं असेल असंही नाही. पण पोरं हसली. मामंजी त्या घरी परत गेले नाहीत. चार वर्षं बुधवारी दुपारी गंगेवर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायचे आणि शाळेत यायचे.

“एवढंच असतं तर तो अभिमान झाला असता,” हे म्हणाले. “पुढे नोकरी लागल्यावर बाबा त्या घरी पेढे द्यायला गेले. त्या बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, अरे, तू का येईनास? मी वर्षभर बुधवारचं तुझं पान मांडत होते. मुलगा कुठे अडला असेल, उशिरा येईल, म्हणून झाकून ठेवायचे. दुपार कलली की गाईला घालायचे.”

साकव पायाखाली करकरला. पलीकडून दोन श्रामणेर वह्या छातीशी धरून येत होते, त्यांना वाट द्यायला आम्ही कडेला सरकलो.

“बाबा म्हणाले, मला हसणारी पोरं दिसली, पान मांडणारी बाई दिसली नाही. तिचा मी वर्षभर अपमान केला. तेव्हापासून तो वार रिकामा.”

‘एक वार रिकामा असावा माणसाचा.’ इतकी वर्षं मी त्यातल्या वाराचा अर्थ दिवस असा घेत होते.

“तुम्हाला कधी सांगितलं?”

“शेवटच्या दुखण्यात.”

“आणि मला वीस वर्षं नाही?”

“तू खिचडी इतकी मनापासून करायचीस,” हे म्हणाले. यावर काय बोलणार?

रात्री मी मायच्या नातीला विचारलं, ही लहान मुलं कुठून येतात? ती म्हणाली, बहुतेक डोंगरातल्या गावांतून. घरी शिकवायची ऐपत नसते. विहारात राहायला मिळतं, शाळा मिळते, सकाळी पात्र घेऊन फिरलं की जेवण मिळतं. काही वर्षांनी बरेच जण चीवर उतरवून कॉलेजात जातात, नोकऱ्या करतात. म्हणजे धुक्यातून उगवणारा तो भगवा रंग, ज्याच्यासाठी जगभरातून माणसं कॅमेरे घेऊन येतात, तो पंचवटीच्या ओसरीवरचा बारा वर्षांचा मुलगाच होता.

शुक्रवारी आमचं परतीचं विमान. मायनं आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, आमच्या दाराशी बसा. मोठ्या रस्त्यावर कशाला? भिक्खू गल्लीतूनही जातात. पहाटे चारला तिनं रात्रभर भिजवलेला चिकट तांदूळ उपसला आणि बांबूच्या निमुळत्या टोपलीत घालून मडक्याच्या तोंडावर वाफवायला ठेवला. आपला भात मऊ किंवा मोकळा, तिथला भात गोळा होणारा. शिजल्यावर तिनं तो लाकडी पाटावर पसरून वाफ घालवली आणि वेताच्या झाकणाच्या डब्यात भरला. मग माझ्या डाव्या खांद्यावरून तिचा रेशमी पट्टा उपरण्यासारखा तिरका घातला, चप्पल काढायला लावली आणि दारापुढच्या चटईवर गुडघे मोडून बसवलं. ह्यांच्यासाठी नात म्हणाली, पुरुषांनी उभं राहिलं तरी चालतं.

हे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. भिक्खू गल्लीच्या तोंडाशी आले, सगळे मिळून आठ. कॅमेरा नाही, बस नाही, एक कुत्रं तेवढं त्यांच्या मागून चाललेलं. मी चिमटीत भात धरला, लिंबाएवढा. बोटं भाजली. समोर पात्राचं झाकण उघडलं आणि मी भात आत सोडला. वर पाहायचं नाही हे नियम म्हणून सांगितलं होतं, पण एवढ्या खाली बसल्यावर वर पाहावंसंच वाटत नाही. दिसतात ती पावलं. धुळीची, थंडीनं फुटलेली, एकाच्या अंगठ्याला चिकटपट्टी. मधेच माझ्या शेजारी चटई दबली. हे येऊन बसले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, पाय दुमडताना त्यांच्या तोंडून हलकेच ‘आई गं’ आलं. मायनं काही न बोलता भाताचा डबा दोघांच्या मधे सरकवला.

सगळ्यात शेवटी एक छोटा. त्याच्या तळहातावर अंगठ्याच्या बुडाशी बॉलपेननं काही तरी लिहिलेलं, गृहपाठाची आठवण असावी. ह्यांनी त्याच्या पात्रात भात ठेवला. तो थांबला नाही, हसला नाही, धन्यवाद म्हणाला नाही. तिथे घेणारा आभार मानतच नाही. आभार मानायचेच तर देणाऱ्यानं, कारण घेणारा दारापर्यंत आला. पुढच्या वळणावर एक फाटक्या स्वेटरचा पोरगा रिकामी टोपली पुढे ठेवून गुडघ्यांवर बसला होता. आठांनीही आपापल्या पात्रातला मूठ मूठ भात काढून त्याच्या टोपलीत टाकला आणि पुढे गेले.

१९७६ मध्ये माणसं का चिडली, ते मला चटईवर बसून कळलं. भात घातला की मायचा दिवस सुरू होतो. भिक्खू एखाद्या दिवशी आलेच नाहीत, तर ती डबा झाकून दाराशी बसून राहील. कुठे अडले असतील, उशिरा येतील.

नाशकाच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. क्षहरात राजा नहपानाचा हा जावई, दुसऱ्या शतकातला. त्यानं चार हजार कार्षापणांना एका ब्राह्मणाकडून शेत विकत घेतलं आणि लेण्यात राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्खूंच्या जेवणासाठी लावून दिलं, असं त्या भिंतीवर कोरलंय. म्हणजे पात्रात भात पडण्याची ही गोष्ट आम्हाला मेकाँगवर जाऊन शिकायची गरज नव्हती. मधल्या काळात आम्ही तिचा वार केला आणि पडवीत वाढला. तोही सगळ्यांना नाही. वार मिळायला पोरगं नुसतं गरीब असून चालत नसे, ब्राह्मणाचं लागे. ज्या पंचवटीत मामंजींना सात दारं उघडली, तिथेच १९३० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, कित्येक वर्षं चालला, आणि देवाचंही दार उघडलं नाही. मामंजींचा उपाशी बुधवार खरा, पण इतर कित्येक मुलांचा सगळा आठवडाच रिकामा होता. ह्यांना हे बोलून दाखवलं तेव्हा म्हणाले, “बाबा असते तर त्यांनी मान्य केलं असतं.” मलाही तसंच वाटतं.

घरी आल्यावर पहिल्या बुधवारी मी विचारलं, “आता कळलंय तर चालू ठेवायचं का?” हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “खिचडी बरी करतेस तू.”

लुआंग प्रबांगला तुम्ही गेलात तर ताक बात जरूर बघा, पण मोठ्या रस्त्यावरच्या स्टुलांकडे जाऊ नका. बाजूच्या गल्लीत, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, फोन खिशात ठेवून उभे राहा. आणि कुणी चटईवर जागा दिली तर बसा. पात्राच्या आत मात्र डोकावू नका, तिथे कुणाची तरी शाळेची फी असते.